पदराची गांठ : वऱ्हाडांतील काटकसरीचा थोडा इतिहास

काटकसरीचा उपदेश करणें हें जगांतील सर्वांत कमी खर्चाचें पुण्यकर्म आहे. उपदेशकास त्यांत एक कवडीहि वेंचावी लागत नाहीं, आणि ज्यास उपदेश करावयाचा तो बहुधा इतका गरीब असतो कीं, उलट बोलण्याची त्याची प्राज्ञा नसते. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण ज्यानें प्रथम काढली त्याचें अंथरूण किती लांब होतें, हें कोणीं नोंदून ठेविलें नाहीं; पण ती ऐकविली गेली ती मात्र नेहमीं आंखूड अंथरुणाच्या धन्यास. गेल्या दीड-दोनशें वर्षांत आपल्याकडील शेतकऱ्यास आणि त्याच्या घरधनिणीस हा उपदेश सरकारी अहवालांतून झाला, वर्तमानपत्रांतून झाला, शाळेच्या पुस्तकांतून व सभांच्या व्यासपीठांवरूनहि झाला. त्याच्या मुळाशीं एक गोष्ट गृहीत धरलेली होती. ती ही कीं, या लोकांस काटकसर ठाऊक नाहीं. हें गृहीत कितपत खरें आहे, याचा विचार वऱ्हाडांतील एका लहानशा बाजारगांवाच्या निमित्तानें करावा, असा आमचा हेतु आहे.

प्रथम शब्दाकडे पाहूं. काटकसर या शब्दांतील 'कसर' हा अरबी 'कस्र' शब्दापासून आलेला आहे. मोड, तूट, अपूर्णांक असा त्याचा अर्थ. तेव्हां काटकसर म्हणजे पैशाची रास करणें नव्हे. जेथें पुरें पडत नाहीं तेथें अपुऱ्यावर भागविणें, ही काटकसर. कृपणता हा याहून अगदीं निराळा प्रकार होय. कृपणापाशीं असतें आणि तो वेंचीत नाहीं. काटकसर करणारापाशीं पुरेसें नसतें, आणि तरीहि तो, किंवा बहुतकरून ती, वेळ साजरी करिते. या 'ती'विषयींच आम्हांस पुढें अधिक बोलावयाचें आहे. आपल्या भाषेनें पैशाची जागा कोठें ठरविली आहे पाहा. स्वतःजवळचें खर्चणें म्हणजे पदरमोड. नुकसान सोसणें म्हणजे पदराला खार लावून घेणें. जवळ शिल्लक असणें म्हणजे गांठीला असणें. तिजोरी आणि थैली हे शब्द मराठींत आहेत खरे, पण संसारांतला पैसा बोलतांना आपण नकळत पदराचीच गांठ सोडतों. भाषेला जें ठाऊक होतें, तें अर्थशास्त्र्यांस उशिरां कळलें.

वाशीम जिल्ह्याच्या मंगरुळपीर तालुक्यांत शेलूबाजार हें गांव आहे. हा वाशीम जिल्हा इंग्रजी अमदानींत १९०५ सालीं मोडला गेला, आणि १ जुलै १९९८ रोजीं अकोला जिल्ह्यांतून पुन्हा निराळा काढण्यांत आला. परंतु जिल्हे मोडले आणि जोडले तरी बाजारास त्याचें सुखदुःख नसतें. शेलू किंवा सेलू या नांवाचीं गांवें आपल्याकडे अनेक आहेत. वर्धा जिल्ह्यांत एक आहे, परभणी जिल्ह्यांत दुसरें आहे. शेजारच्या मंगरुळास पिराचें नांव मिळालें, कारंजास लाडांचें मिळालें. या शेलूस मात्र बाजाराचें मिळालें. अमरावती जिल्ह्यांतील चांदूर बाजाराचेंहि तेंच. देव, पीर, वतनदार किंवा किल्ला यांवरून गांव ओळखलें जावें हें आपल्या अंगवळणी पडलेलें आहे. पण आठवड्यांतून एक दिवस चार खेड्यांचीं माणसें जेथें मीठमिरची घेण्यास जमतात, तेवढीच ज्याची ओळख, अशा गांवाकडे इतिहासकाराचें लक्ष सहसा जात नाहीं. आमच्या मतें संसाराचा इतिहास लिहावयाचा तर तो अशाच गांवापासून आरंभिला पाहिजे.

आठवडी बाजार ही आपल्या पूर्वजांनीं निर्माण केलेली काटकसरीची एक संस्थाच होय, असें आम्ही म्हटलें तर कित्येकांस आश्चर्य वाटेल. बाजार म्हणजे खर्चाची जागा, तेथें काटकसर कशी? परंतु थोडा विचार करावा. ज्या खेड्यांत बारमाही दुकान नाहीं, तेथें सहा दिवस मोहाचें दार बंद असतें. सातव्या दिवशीं जें आणावयाचें तें आठवड्याच्या हिशेबानें आणावें लागतें. म्हणून बाजारास निघण्यापूर्वीं मीठ किती उरलें, तेल किती लागेल, हळद पुढील बाजारापर्यंत पुरेल कीं नाहीं, याचा ताळा घरांत आधीं मनाशीं घातला जातो. पूर्वीं घरधनीण बाजारास जाई ती रिकाम्या हातानें जात नसे. टोपलींत शेर-दोन शेर धान्य, थोडें तूप, परसांतील भाजी, अंडीं, असें कांहीं तरी असे. तें विकून आलेल्या पैशांत मीठ, गूळ, तेल, बांगड्या घेऊन ती परते. रोकड तिच्या हातांत एखादा प्रहर विसांवे व पुढें जाई. जितकें विकलें तितकेंच घ्यावयाचें, हा नियम कोणीं लिहून ठेविला नव्हता. टोपलीच तो पाळावयास लावी. शिवाय एकाच मालाचे दहा विक्रेते शेजारीं शेजारीं बसलेले असल्यामुळें भाव ठरविण्याची सत्ता एकाच्या हातीं राहत नसे, आणि सूर्य कलला कीं भाजीचा भावहि त्याच्याबरोबर कलत असे. हें शेवटचें तर आजहि खरें आहे.

या बाजारांत एकदां ऐन दुपारीं एक वृद्ध बाई रिकामी पिशवी घेऊन झाडाखालीं स्वस्थ बसलेली आम्हांस दिसली. बाजार भरांत असतां ती कांहींच घेईना, म्हणून आम्हीं सहज विचारलें. ती म्हणाली, "आत्ता घेऊन काय करू भाऊ? सांजच्या पहारी हेच वांगे अर्ध्या भावात भेटतेत." तिला चार तास बसावें लागणार होतें, आणि त्या चार तासांची किंमत ती वांग्यांच्या भावांत धरीत नव्हती, असा आक्षेप एखादा अर्थशास्त्री घेईल. पण तिचे चार तास विकत घेणारा त्या दिवशीं त्या बाजारांत दुसरा कोणी नव्हता, हेंहि त्यानें ध्यानांत घ्यावें. ज्याच्यापाशीं पैसा नाहीं तो वेळ खर्च करून पैसा वांचवितो. ज्याच्यापाशीं वेळ नाहीं तो पैसा खर्च करून वेळ वांचवितो. दोघांचेंहि गणित बरोबर असतें. भांडवल निराळें असतें इतकेंच.

आतां बाजारांतून घराकडे वळूं. वऱ्हाडांतील जुन्या घरांत कोणतीहि वस्तु एकाच जन्माची नसे. नऊवारी लुगडें घ्या. नवें असतांना तें सणावारीं व पाहुणपणास नेसावयाचें. रंग उडाला कीं रोजच्या नेसणीचें. विरलें कीं दांड घालून शेतांत नेसावयाचें. त्याहून जीर्ण झालें कीं त्यांतल्या त्यांत धड भागाचीं बाळाचीं दुपटीं आणि उरलेल्याचे वाकळेस थर. वाकळ फाटली कीं तिचें पोतेरें, आणि पोतेऱ्याचीहि चिंधी उरली तर ती चूल पेटवावयास. अंबाडीचेंहि तसेंच. तिच्या कोवळ्या पाल्याची भाजी, लाल बोंडांची चटणी आणि सोटांचा वाक काढून त्याचे दोर. एका झाडानें जेवण, तोंडीलावणें आणि बैलाचें दावें अशी तीन कामें करावयाचीं. कापूस वेंचून झाला कीं पऱ्हाटीचें सरपण, तूर झोडून झाली कीं तुराट्यांचे कूड आणि खराटे. चुलींतली राख भांडीं घांसावयास, आणि तीच धान्यांत कीड न व्हावी म्हणून कडुनिंबाच्या पाल्यासह मिसळावयास. चैत्र-वैशाखाच्या उन्हाचेंहि कोणी मोल देत नाहीं, म्हणून तें वाळवणांत सांठवून ठेवावयाचें: पापड, कुरडया, शेवया, सरगुंडे, सांडगे, खारोड्या, वाळविलेली हरभऱ्याची भाजी. आषाढांत पावसाची झड लागून बाजारास जाणें बंद पडलें तर घर या उन्हावर जेवत असे.

या सर्व व्यवस्थेचा मध्य म्हणजे ज्वारीची कणगी, आणि मोठ्या घरीं जमिनींतलें पेव. पेवांत ज्वारी कित्येक वर्षें टिके; म्हणजे एका सुकाळाचें धान्य पुढच्या दुष्काळाच्या तोंडीं उभें करतां येई. बँकेंत ठेव ठेवणें म्हणजे याहून निराळें काय? फरक एवढाच कीं, या ठेवीचा हिशेब कागदावर नसून घरांतील वडील बाईच्या डोक्यांत असे. कणगी कोठवर उतरली, पेरणीपर्यंत किती उरेल, माहेरवाशीण येणार आहे तिच्यासाठीं किती वगळून ठेवावयाचें, हें तिला जितकें ठाऊक असे तितकें कुळकर्ण्याच्या दप्तरासहि नसे. जमीन धन्याच्या नांवाची असे. कणगीवर मात्र हात तिचा असे. कायद्यानें तिला कांहीं दिलेलें नव्हतें. पण धान्य मापून काढणारा हात ज्याचा, त्याच्या संमतीवांचून घर चालत नसतें.

येथें वाचकांनीं आमच्यावर जुन्याची भलतीच भलावण केल्याचा आरोप करूं नये. ज्यांच्या घरीं कणगी होती त्यांचें हें वर्णन आहे. ज्यांस जमीनच नव्हती, गांवकुसाबाहेर ज्यांस राहावें लागे, सालदारीच्या धान्यावर व मागून आणलेल्या भाकरीवर ज्यांचे दिवस जात, त्यांच्या घरची काटकसर म्हणजे उपासाचेंच दुसरें नांव होतें. कणगीच्या घरांतहि सर्वांच्या शेवटीं जेवणारी जी सून, तिच्या ताटांत काटकसरीचा वांटा सर्वांत मोठा पडे. हें सर्व खरें आहे. परंतु त्यावरून एवढेंच सिद्ध होतें कीं, काटकसर या लोकांस शिकविण्याची गरज नव्हती; तिचें ओझें वांटण्याची गरज होती.

ही व्यवस्था मोडली ती उधळपट्टीनें मोडली नाहीं. ती कापसानें मोडली. १८५३ सालच्या तहानें निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं केला. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तिकडचा कापूस इंग्लंडास मिळेनासा झाला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांची दृष्टि आमच्या काळ्या मातीकडे वळली. १८६७ सालीं आगगाडी वऱ्हाडांतून नागपुरास पोंचली. १८७० सालीं खामगांवास जोडणारा फांटा लॉर्ड मेयो यांच्या हस्तें खुला झाला. शेलूबाजारच्या जवळचें कारंजें हें कापसाचें मोठें ठाणें. हिंदुस्थानांतील पहिला नियंत्रित कापूसबाजार म्हणून ज्याचा उल्लेख होतो तो १८८६ सालीं येथेंच स्थापन झाला. त्या नियंत्रणाचा हेतु मँचेस्टरला चोख कापूस वाजवी भावानें मिळावा हाहि होताच. पयनघाटाच्या सपाट प्रदेशांत कापसाची जशी सरशी झाली तशी घाटावरच्या या तालुक्यांत एकदम झाली नाहीं. पण पाण्याचा उतार जिकडे तिकडेच अखेर सर्व ओढे जातात.

कापूस हें पीक वाईट, असें आमचें म्हणणें नाहीं. त्यानें वऱ्हाडांत पैसा आणला, गांवें वाढलीं, शाळा निघाल्या, सुखवस्तु घरीं सोनें आलें. परंतु कापूस कणगींत भरून ठेवतां येत नाहीं आणि दुष्काळांत शिजवून खातां येत नाहीं. त्याचा भाव खेड्यांत ठरत नाहीं, तालुक्यांतहि ठरत नाहीं. तो मुंबईस आणि लिव्हरपुलास ठरे. त्याचे पैसे वर्षांतून एकदां, एकरकमी, बाजारपेठेंत धन्याच्या हातीं पडत. तेथल्या तेथें दलालाचें, सावकाराचें आणि साऱ्याच्या हप्त्याचें देणें चुकवून जें उरे तें घरीं येई. टोपलीनें बाजारास जाणारी बाई या सौद्यांत कोठेंच नव्हती. कणगी उतरली आणि तिची जागा थैलीनें घेतली. आणि थैलीवर तिचा हात नव्हता. ज्वारीचें रान कापसाखालीं गेलें तेव्हां ज्वारी विकत आणण्याची वेळ आली. हातीं पैसा नसे तेव्हां ती उसनी आणावी लागे, आणि उसन्या धान्याचे दर सवाई व दिढी. एका पायलीच्या बदल्यांत सुगींत सवा पायली किंवा दीड पायली परत करावयाची, असा त्याचा अर्थ. लुगड्याचे कितीहि जन्म केले, राखेचाहि कितीहि उपयोग केला, तरी दिढीचें व्याज त्यांतून निघत नसतें.

१८९९ सालीं पाऊस गेला आणि या बदलाची परीक्षा झाली. पूर्वीं दुष्काळ पडला कीं पेवें उघडत. आतां कापसानें थैल्या भरल्याचा लौकिक असलेल्या प्रांतांत माणसें अन्नास महाग झालीं. बाजारांत धान्य होतें, तें आगगाडीनें येतहि होतें. पण तें घेण्यास रोकड नव्हती. १९०१ सालच्या खानेसुमारींत वऱ्हाडची लोकसंख्या २७,५४,०१६ भरली. दहा वर्षांपूर्वींपेक्षां ती वाढावयाची ती कमीच झाली होती. उपदेशकांनीं या आंकड्याकडे पाहावें आणि सांगावें कीं, यांतील कोणत्या माणसानें अंथरूण पाहून पाय पसरले नाहींत म्हणून तें नाहींसें झालें.

परंतु उपदेश थांबला नाहीं, आणि तो वऱ्हाडापुरताहि नव्हता. देशावर, पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें १२ मे १८७५ रोजीं शेतकऱ्यांनीं सावकारांच्या घरांवर चाल करून गहाणखतें व रोखे जाळले, आणि दंग्यांचें हें लोण पुणें व नगर या जिल्ह्यांत पसरलें. शेतकरी कर्जांत कां बुडाला, या प्रश्नास त्या वेळचें ठराविक उत्तर तयार होतें: लग्नकार्यांत आणि सणावारांत तो उधळतो. चौकशीसाठीं सरकारनेंच नेमलेल्या मंडळानें मात्र प्रत्यक्ष खातीं पाहून असें नमूद केलें कीं, लग्नसमारंभाच्या खर्चास कर्जाचें कारण म्हणून वाजवीपेक्षां फाजील महत्त्व देण्यांत आलें आहे. कर्जाचें मूळ त्यांत क्वचितच सांपडतें. हें सांगणारे कांहीं शेतकऱ्यांचे कैवारी नव्हते, सरकारी अंमलदार होते. म्हणून त्यांची साक्ष अधिक मोलाची. पुढें १८७९ सालीं शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. १८८३ सालीं जोतीराव फुले यांनीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा केला. त्यांत त्यांनीं शेतकऱ्याच्या घरांत शिरून त्याचें दैन्य जवळून दाखविलें आणि त्याचीं कारणें शेतसारा, कचेऱ्या, अज्ञान आणि भटशाही यांत शोधलीं. याच्या पुष्कळ आधीं, १८४८ पासून, लोकहितवादींनीं आपल्या शतपत्रांतून निरर्थक खर्चावर कोरडे ओढले होते. पण ते कोरडे स्वतःच्याच वर्गाच्या पाठीवर होते. उपदेश करावयाचाच तर तो असा करावा. आपल्या घरच्या पंक्तीवर टीका करणारास दुसऱ्याच्या भाकरीविषयीं बोलण्याचा थोडा तरी अधिकार प्राप्त होतो.

मग काटकसरीस खरें काय हवें होतें? आमच्या मतें दोनच गोष्टी: वांचविलेलें सुरक्षित राहील अशी जागा, आणि वांचविणाराचा त्यावर हक्क. जागा निर्माण करण्याचे प्रयत्न झाले. १८८२ सालीं टपालखात्याच्या बचत बँका निघाल्या. १९०४ सालीं सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. दोन्ही संस्था थोर होत, आणि मध्यम स्थितींतील पुष्कळ घरें त्यांनीं सांवरलीं. पण टपालकचेरी लांब, पुस्तक वाचतां येईना, आणि पतपेढींत पत मोजावयाची ती जमिनीवरून. जमीन नांवावर नाहीं त्यास पत नाहीं. आणि शेतकऱ्याच्या घरांत जमीन नांवावर नसलेलें माणूस म्हणजे तीच, कणगीवरून हात उठलेली घरधनीण. स्त्रीच्या हातीं आलेली मालमत्ता तिची पुरती स्वतःची, हें हिंदु कायद्यानें निर्विवाद मान्य केलें तें १९५६ सालीं. वडिलार्जित मिळकतींत मुलीस मुलाबरोबरीचा वांटा मिळाला तो २००५ सालीं. तोंवर ती काय करीत होती? जें पूर्वीपासून करीत आली तेंच. डाळीच्या डब्यांत, तांदळाच्या मडक्यांत, देव्हाऱ्याच्या मागें, वाकळेच्या थरांत आणि पदराच्या गांठींत ती आणे-पैसे ठेवीत होती. त्या ठेवीस व्याज नव्हतें. पण ती कोणाच्या दृष्टीस पडत नव्हती, आणि हाच तिचा सर्वांत मोठा गुण होता.

गेल्या शतकाच्या अखेरीस या लपलेल्या काटकसरीस प्रथमच उजेडांत बसावयास जागा मिळाली. १९७५ सालीं महाराष्ट्रांत महिला आर्थिक विकास महामंडळ स्थापन झालें. १९९२ सालीं नाबार्डनें स्त्रियांचे बचतगट बँकांस जोडण्याचा उपक्रम ५०० गट घेऊन आरंभिला, आणि पुढें तो खेडोपाडीं पसरला. गटाची रचना साधी आहे. दहा ते वीस बायकांनीं एकत्र यावयाचें, दरमहा ठराविक रक्कम टाकावयाची, सर्वांदेखत वहींत लिहावयाची, आणि जिला नड असेल तिला त्यांतूनच कर्ज द्यावयाचें. व्याज ठरविणाऱ्या त्याच आणि व्याज भरणाऱ्याहि त्याच. म्हणून तें गटाबाहेर जात नाहीं. कांहीं महिने हा व्यवहार चोख चालला कीं बँक गटास तारणावांचून कर्ज देते. भिशीची चाल आपल्याकडे जुनीच आहे. तिला वही, बँक आणि बाईचें नांव हीं तीन जोडलीं, कीं बचतगट झाला. त्यांतील तिसरी गोष्ट सर्वांत मोठी होय. जिची पत जमिनीवरून मोजतां येत नव्हती, तिची पत तिच्या काटकसरीवरून मोजली गेली. या गटांच्या आडून कित्येक ठिकाणीं खासगी सावकारीनें नवीं रूपें धारण केलीं, आठवड्याच्या हप्त्यांचे तगादे सुरू झाले, आणि बचतीचें कर्ज झालें, हेंहि नाकारतां येत नाहीं. प्रत्येक नव्या कणगीस नवा उंदीर लागतोच. पण म्हणून कणगी विणणें कोणी सोडीत नाहीं.

दरम्यान वऱ्हाडच्या शेतकऱ्याचा प्रश्न सुटला नव्हता. विसाव्या शतकाच्या शेवटापासून येथील शेतकरी आत्महत्या करूं लागले, आणि २००६ सालीं मध्यवर्ती सरकारनें विदर्भांतील सहा जिल्ह्यांसाठीं ३,७५० कोटि रुपयांची योजना जाहीर केली. वाशीम हा त्या सहांपैकीं एक. तेव्हांहि लग्नांतील खर्चाचा तोच जुना उपदेश पुन्हा ऐकूं आला, जणूं कांहीं १८७६ सालचा अहवाल कोणीं वाचलाच नव्हता. आतां या जिल्ह्यांत कापसाची जागा बव्हंशीं सोयाबीननें घेतली आहे. पण तेंहि रोकडीचेंच पीक, आणि तेंहि घरच्या चुलीवर शिजत नाहीं. भाव पडला कीं कणगी आडवी येत नाहीं, कारण कणगी आतां घरांत नाहींच.

पदरच्या गांठीची सर्वांत कठीण परीक्षा मात्र अगदीं अलीकडे झाली. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्रीं पांचशें आणि हजार रुपयांच्या नोटा चलनांतून रद्द झाल्याचें जाहीर झालें. चलनांतील एकूण नोटांच्या मूल्याचा हा शेंकडा ८६ भाग होता. काळा पैसा बाहेर यावा हा त्यांतील उद्देश सांगितला गेला. त्यांतून काय निघालें याची चर्चा तज्ज्ञांनीं करावी. आम्हांस येथें एवढेंच नोंदावयाचें आहे कीं, त्या आठवड्यांत देशांतील असंख्य घरांत डाळीचे डबे उपडे झाले. मुलीच्या बाळंतपणासाठीं, मुलाच्या फीसाठीं, नवऱ्याच्या व्यसनापासून वांचविलेल्या, अडीअडचणीस म्हणून कोणास न सांगतां ठेवलेल्या नोटा बायकांस धन्यापुढें ठेवाव्या लागल्या, कारण बदलण्यास बँकेंत जावें लागणार होतें. गृहिणींच्या अडीच लाखांपर्यंतच्या ठेवींची चौकशी होणार नाहीं, असें सरकारनें सांगितलें, आणि तें योग्यच झालें. पण सरकारची चौकशी टळली तरी घरची कोठें टळते? कित्येक घरांत त्या दिवशीं कौतुक झालें, कित्येक घरांत भांडण झालें, आणि पुष्कळ घरांत तो पैसा घरखर्चांत मिसळून नाहींसा झाला. वर्षानुवर्षें न दिसणें हेंच ज्या ठेवीचें संरक्षण होतें, तिला एका रात्रींत दिसावें लागलें. ज्यांस या देशांतील स्त्रिया काटकसर करीत नाहींत असें वाटत होतें, त्यांचा भ्रम तरी तेव्हां फिटावयास हवा होता.

शेर आणि पायली बाजारांतून गेलीं; १९५७ सालीं आणे गेले आणि पुढच्या चार-पांच वर्षांत मेट्रिक मापें आलीं. मंगरुळपीर तालुक्यांतून समृद्धि महामार्ग गेला असून त्याचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्यें खुला झाल्यापासून नागपूरच्या मोटारी या रानांतून वाऱ्यासारख्या धांवत आहेत. शेलूबाजारांत आतां रोजचीं दुकानें आहेत आणि पैसे भ्रमणध्वनीवरूनहि दिले जातात. तरी आठवड्याचा बाजार भरतो तो भरतोच, आणि तिसऱ्या प्रहरानंतर भाजीचा भाव उतरतो तो उतरतोच.

ज्या वृद्ध बाईचा उल्लेख आम्हीं वर केला, ती सायंकाळीं आम्हांस पुन्हा दिसली. पिशवी भरलेली होती. वांगीं तिला तिच्या भावानें मिळालीं होतीं, आणि उरलेलीं नाणीं ती पदराच्या टोकास बांधीत होती. गटांत पैसे टाकतां काय, असें विचारतां ती म्हणाली, "टाकतो न. दर महिन्याले." आणि आम्हीं थोडें धारिष्ट करून पुढें विचारलें कीं, गटाशिवाय आणखी कांहीं बाजूस ठेवतां काय? ती हंसली, गांठ नीट आवळली आणि म्हणाली, "ठेवतो न भाऊ. पण कुठी, हे नाही सांगत."